पिळलेल्या भाजीतलं मीठ जातं कुठं?



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि खताचे हप्ते यांवर लिहितो. या खेपेस विषय स्वयंपाकघरातला आहे. पण तो आपल्या शिवारापासून फार लांबचा नाही, हे पुढे ध्यानात येईल.

लागणीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना ज्या ओसरीवर चहाला टेकावं, तिथं हल्ली कोनाड्यात गोळ्यांचं पाकीट दिसतं. कुणाला रक्तदाब, कुणाला हृदयाचा त्रास, कुणाच्या पायाला संध्याकाळी सूज. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं असतं. मग घरातून माउलीचा एक प्रश्न हमखास येतो. काकडी, कारलं, दुधी, वांगं, कोबी, मुळा या पाणीदार भाज्यांना आधी मीठ चोळून ठेवायची आपली रीत आहे. पाणी सुटलं की पिळायचं आणि मग भाजी करायची. तर पथ्याच्या माणसाला अशी भाजी चालते का? बहुतेक घरांत प्रश्नाबरोबर उत्तरही तयारच असतं. "मीठ पाण्याबरोबर निघून जातं की, साहेब. पिळून टाकलं, विषय संपला."

विषय संपत नाही, हे आम्हाला आमच्याच घरात उशिरा कळलं. तेवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या मातोश्रींचा रक्तदाब जुना. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांवर सूज चढू लागली आणि जिना चढताना धाप लागू लागली. हृदय थकलंय, दिवसाचं सगळं मिळून सोडियम दोन हजार मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात त्याच दिवशी लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, पापड बंद झाले, आमटी त्यांच्यासाठी वेगळी निघू लागली. गोळ्या वेळेवर होत्या. तरी दीड महिन्यात सूज पुन्हा होती तिथंच आली. आम्ही गोळ्यांना दोष दिला, हवेला दिला, म्हातारीच्या हट्टालाही दिला. तपासणीला गेलो, तेव्हा तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्या आठवड्याचा स्वयंपाक सौ.ला तोंडानं सांगायला लावला. कारल्याशी आल्यावर त्या थांबल्या. मातोश्रींना कारलं फार आवडतं, म्हणून आठवड्यातून तीनदा होत होतं. चकत्यांना दोन चमचे मीठ चोळून तासभर ठेवायचं, घट्ट पिळायचं आणि परतायचं. वरून मीठ घालायचं नाही, म्हणून आमच्या हिशेबी ती बिनमिठाची भाजी. एक दिवसाआड काकडीची कोशिंबीर, तिलाही तीच रीत. बाई म्हणाल्या, "धुता का?" सौ. म्हणाल्या, "पिळल्यावर धुवायचं कशाला?"

आम्ही शेजारी बसून हे ऐकत होतो. क्षारपड जमिनीतलं मीठ नुसतं पाणी दिल्यानं जात नाही, हे गेली वीस वर्षं सभासदांना सांगणारा माणूस आपल्या ताटातल्या मिठाबद्दल मात्र तेच गृहीत धरून बसला होता. लाज वाटली. आम्ही डॉक्टर नाही आणि औषधपाण्याबद्दल इथं काही सांगणार नाही. पण मीठ आणि पाणी यांचं नातं हा आमच्या पदविकेच्या पहिल्या वर्षातला धडा आहे, तेवढा नीट मांडतो.

कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यात ज्यांनी क्षारपड रान बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रानात पाणी साचून असतं आणि ऊस मात्र तहानलेला. पानांची टोकं करपतात, कांडी आखूड पडते. असं का होतं? मुळाच्या आत जेवढे क्षार असतात त्याहून ते बाहेरच्या पाण्यात जास्त झाले, की मुळाला पाणी ओढता येत नाही. क्षार फारच वाढले तर मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. पातळ आवरणातून पाणी नेहमी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जातं, त्याला परासरण म्हणतात. काकडीच्या फोडीवर मीठ टाकलं की हेच घडतं. फोडीच्या पृष्ठभागावर मिठाचं दाट पाणी तयार होतं, ते आतल्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, फोड मऊ पडते आणि परातीच्या तळाला पाणी जमतं. मीठ लावलेली काकडी म्हणजे क्षारपड रानातला ऊसच म्हणा ना.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढची अर्धी गोष्ट राहून जाते. पाणी बाहेर येत असतानाच मीठ आत शिरत असतं. सुरीनं कापलेल्या, किसणीनं फाटलेल्या आणि मिठानं मेलेल्या पेशींची आवरणं मिठाला अडवत नाहीत. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेरचं पाणी खूप खारट आणि फोडीचा गाभा अळणी असतो. जसजसा वेळ जातो तसतसं आतलं-बाहेरचं सारखं होऊ लागतं. तासाभरानं पिळलं, तर जे पाणी निघतं ते खारट असतं आणि जे आत राहतं तेही जवळपास तेवढंच खारट असतं.

आता आकड्यात बघू. साध्या मिठात वजनानं सुमारे चाळीस टक्के सोडियम असतं. म्हणजे 5 ग्रॅम मिठात जवळजवळ 2000 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा दिवसाची मर्यादा हीच घालून दिली आहे, 5 ग्रॅम मिठाच्या आत. समजा, अर्धा किलो काकडी चिरली आणि तिला 5 ग्रॅम मीठ लावलं. काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणी, म्हणजे अर्ध्या किलोत पावणेपाचशे मिलिलिटर. पिळून वाटीभर, दीडशे मिलिलिटर पाणी काढलं. मीठ सगळीकडे सारखं पसरलं असेल तर त्या पाण्याबरोबर मिठाचा जेमतेम तिसरा हिस्सा गेला. दोन हिस्से, म्हणजे सुमारे 1350 मिलिग्रॅम सोडियम, काकडीतच राहिलं. लवकर पिळलं तर याहून कमी राहील. अगदी निम्मं राहिलं असं धरलं तरी 1000 मिलिग्रॅम होतं. ती कोशिंबीर चौघांनी खाल्ली तर प्रत्येकी अडीचशे. मातोश्रींनी एकट्यांनी दोन वेळा मिळून संपवली, तर निम्म्या दिवसाचा कोटा एका वाटीत गेला. आणि ती कोशिंबीर 'बिनमिठाची' म्हणून गेला!

काकडीचं स्वतःचं सोडियम किती? शंभर ग्रॅमला दोन-तीन मिलिग्रॅम. दुधी, वांगं तसंच. पालक, मुळा यांत जरा जास्त, पण तेही शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅमच्या आतच. भाजीच्या अंगच्या सोडियमची धास्ती रक्तदाबाच्या माणसानं घेऊ नये. जे काही असतं ते आपण हातानं चोळलेलं असतं.

शरीरातही हाच नियम चालतो. रक्तात मीठ वाढलं की ते पातळ ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं. तहान लागते, रक्ताचं आकारमान वाढतं, दाब चढतो. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेलं असलं की हे जादा पाणी बाहेर टाकता येत नाही आणि ते पायात उतरतं, पुढे छातीत भरतं. निचरा नसलेल्या रानात पाणी साचावं तसं.

मग मीठ लावणं बंद करून मोकळं व्हावं का? आम्ही आधी तेच केलं आणि फसलो. कारलं कडू राहिलं, दुधी पाणचट झाला, वांग्याचे काप लिबलिबीत. मातोश्रींनी चार दिवसांत ताट बाजूला सारलं. "हे खाऊन जगण्यापेक्षा..." असं काहीबाही बोलू लागल्या. जेवणच तुटलं तर पथ्याचा काय उपयोग? तेव्हा नीट विचार केला. मीठ चोळण्यात एकाच वेळी दोन कामं होत असतात. एक म्हणजे भाजीतलं पाणी काढणं, आणि दुसरं चव आणणं. पाणी निघालं की भाजीचा स्वतःचा स्वाद दाट होतो. उसाचा रस आटवला की गूळ होतो, गोडी काही बाहेरून घालावी लागत नाही. म्हणजे ज्याला मीठ कमी खायचंय त्याच्या भाजीतलं पाणी काढणं इतरांपेक्षा जास्तच गरजेचं आहे. फक्त ते काम मिठाकडून काढून घ्यायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. हाताला, विस्तवाला, वाऱ्याला, नाहीतर पिठाला.

काकडीचं सगळ्यांत सोपं. कोवळी घ्यावी, उभी चिरून चमच्यानं बियांचा मगज काढून टाकावा, कारण जास्त पाणी तिथंच. मग चोचवावी किंवा बारीक चिरावी, पातळ फडक्यात घेऊन हातानं पिळावी. मीठ नसलं तरी चोचवलेली काकडी बरंच पाणी सोडते. पिळून झाल्यावर दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, वरून जिरं-मिरचीची फोडणी. दही घालायचं तर ते फडक्यात अर्धा तास टांगून घट्ट करून घ्यावं. एक गंमत आमच्या लक्षात आली. कोशिंबीर वाढेपर्यंत तिला पाणी सुटतं ही सगळ्या बायकांची तक्रार असते, पण ते पाणी कालवताना घातलेल्या मिठामुळंच सुटतं. बिनमिठाची वाटी तासाभरानंही बरीच कोरडी राहते. तेव्हा सगळ्यांचीच कोशिंबीर बिनमिठाची कालवावी आणि ज्यानं त्यानं ताटात चिमटीनं मीठ घ्यावं. मिठाचा कण जिभेला थेट लागला की थोडक्यात चव येते. तेच मीठ भाजीत मुरवलं तर दुप्पट घालावं लागतं आणि तरी जाणवत नाही. पथ्याच्या माणसाच्या वाट्याचं जे काही मीठ असेल ते शेवटी वरूनच घालावं, हे सगळ्या भाज्यांना लागू आहे.

दुधी, पडवळ, दोडका, घोसाळी यांना विस्तव पाहिजे. आपल्याकडे या भाज्या झाकण ठेवून, झाकणावर पाणी ओतून वाफेवर शिजवतात. पथ्याची भाजी मात्र लोखंडी पसरट कढईत, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, थोडी थोडी करून परतावी. कढई भरून भाजी टाकली की ती स्वतःच्याच पाण्यात शिजते. किसलेला दुधी फडक्यात नुसता पिळला तरी भरपूर पाणी निघतं.

या पिळलेल्या पाण्याबद्दल एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. काटकसर म्हणून आपल्या माउल्या दुधीचं, कोबीचं, मुळ्याचं पाणी फेकत नाहीत. थालीपिठाचं, मुठ्याचं, वड्यांचं पीठ त्यातच भिजवतात. मीठ न लावता पिळलं असेल तर हे उत्तमच आहे, त्यातली सत्त्वं वाया जात नाहीत. पण मीठ लावून पिळलेल्या पाण्यात पीठ भिजवलं, तर निघालेलं सगळंच्या सगळं मीठ मागच्या दारानं परत आलं. शेतातलं क्षाराचं पाणी चरातून काढायचं आणि मोटर लावून पुन्हा त्याच उसाला द्यायचं, यातला प्रकार.

वांग्याला खरं तर मिठाची गरजच नाही. विस्तवावर भाजून भरीत केलं की पाणी आपोआप आटतं, धुराचा वास लागतो, आणि लसूण, मिरची, कोथिंबीर, कच्चा कांदा असला की मीठ कमी आहे हे पटकन कळतही नाही. आमच्या मातोश्रींचं पथ्य खऱ्या अर्थानं रुळलं ते भरितापासून. कापांना मात्र लोक मीठ लावतातच. वांग्याचा गर स्पंजासारखा पोकळ असतो, मीठ लावलं की तो बसतो आणि तेल कमी पितो, हे खरं आहे. पण पाच मिनिटं वाफवून, कोरड्या फडक्यानं टिपून मग तव्यावर टाकले तरी तो तसाच बसतो.

कोबी चिरून स्वच्छ पंच्यावर सावलीत वाऱ्याला तास-दोन तास पसरून ठेवावा. चांगला सुकतो. घाई असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार करून पिळावा. शिवाय आपल्याकडची पीठ पेरून भाजी करायची रीत याच कामाची. कोबी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला, दोडका, कशालाही सुटलेलं पाणी बेसन शोषून घेतं आणि भाजी खमंग होते. अशा रिती आजीच्या काळी कुणी पथ्य म्हणून काढल्या नव्हत्या. पण आज त्या पथ्याला अगदी फिट बसतात.

आता कारलं. याच्यावर जरा थांबावं लागेल, कारण इथं मीठ पाण्यासाठी नसतंच, ते कडूपणासाठी असतं. मीठ लावून पिळल्यानं कडू रस थोडा जातो. पण कारलं कमी कडू लागण्याचं दुसरंही कारण आहे. मीठ जिभेवर असलं की जिभेला कडू कमी जाणवतं. म्हणजे आपण कडूपणा काढला असं समजतो, तेव्हा निम्म्यानं तो मिठाखाली झाकलेला असतो. म्हणूनच मीठ धुऊन टाकलेलं कारलं पुन्हा कडू वाटतं आणि हात पुन्हा मिठाकडे जातो. आमच्या घरी सहा-सात खेपा करून जी रीत बसली ती अशी. पाठीवरचे खवले खरवडून काढायचे, बिया आणि आतला पांढरा मगज पुरता काढायचा. चकत्या पातळ करायच्या. चिंचेच्या पाण्यात तीन-चार मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं, चकत्या दाबून निथळायच्या. मग थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईतो परतायच्या. शेवटी तिळाचं कूट, पुन्हा जरा चिंच आणि गुळाचा खडा. कडूला आंबट आणि गोड मिळालं की ते मिठाची वाट बघत नाही. मधुमेह असेल त्यांनी गूळ टाळून कांदा भरपूर लाल करावा, त्याची गोडी चालते. उकळून पाणी फेकल्यानं काही जीवनसत्त्वं जातात, हे मान्य. पण माणूस जेवला, हे आम्ही जास्त मोलाचं मानतो.

तरीही एखाद्या वेळी मीठ लावायचंच असेल, पाहुणे आहेत, सगळ्यांची एकच भाजी आहे, तर रानाचा धडा वापरा. क्षारपड जमीन धुताना आपण काय करतो? आधी निचरा, मग गोडं पाणी, आणि एकदम तुडुंब भरण्यापेक्षा थांबून थांबून. निचरा नसताना कितीही पाणी दिलं तरी क्षार खाली जातात आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. भाजीचंही तसंच. मीठ मोजून, अर्ध्या किलोला अर्धा लहान चमचा. फोडी मोठ्या ठेवाव्यात, किसू नये. किसलेल्याला चिरा जास्त, मीठ आत जास्त. दहा-पंधरा मिनिटांवर ठेवू नये, रात्रभर तर मुळीच नाही. चाळणीत ठेवावं म्हणजे सुटलेलं पाणी खाली गळतं. परातीत ठेवलं तर फोडी त्याच खारट पाण्यात मुरत बसतात. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात खळबळून निथळावं, पाणी बदलून पुन्हा एकदा तसंच करावं, आणि शेवटी पिळावं. नुसतं नळाखाली धरलं तर पृष्ठभागावरचं जातं, आतलं राहतं. इतकं करूनही मीठ शून्य होत नाही, म्हणून त्या भाजीत पुढे मीठ घालायचं नाही आणि त्या जेवणाला पथ्याच्या माणसाला दुसरा खारट पदार्थ द्यायचा नाही.

खाण्याचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियमच असतं. भाजी हिरवी राहावी, कडधान्य लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय असेल तर ती सोडावी. सैंधव, काळं मीठ, खडेमीठ यांचं नाव वेगळं असलं तरी सोडियमच्या हिशेबी ही सगळी मिठंच. कोकमाच्या आगळात मीठ असतं, तेव्हा आंबटासाठी चिंच, लिंबू, कैरी, बिनमिठाचं ताक बरं.

दुकानात 'कमी सोडियमचं मीठ' मिळतं, त्याबद्दल सभासद विचारतात. त्यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. हे नाव ओळखीचं वाटतंय का? आपण उसाला जे म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो ते रासायनिक दृष्ट्या हेच. (म्हणून गोदामातलं पोतं कुणी स्वयंपाकघरात नेऊ नये! ते खत आहे, खाण्यासाठी शुद्ध केलेलं नाही.) जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2025 मध्ये घरच्या वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली, पण गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना त्यातून स्पष्ट वगळलं. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम शरीरात साठतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. आमच्या मातोश्रींना डॉक्टरांनी हे मीठ मनाई केलं. शेजाऱ्याला चाललं म्हणून आपण आणू नये, आपल्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारावं. तसंच कुणी हे वाचून एकदम मीठ पूर्ण बंदही करू नये. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असलेली म्हातारी माणसं, वैशाखात दिवसभर रानात घाम गाळणारे, यांच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलं तरी घोटाळा होतो. किती कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील. कमी कसं करायचं, एवढाच आमचा विषय.

घरात एकूण मीठ किती जातं हे बघायची एक सोपी युक्ती आहे, तिला ना डॉक्टर लागतो ना प्रयोगशाळा. मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. पाच मोठ्या माणसांचं घर असेल आणि प्रत्येकी 5 ग्रॅमच धरलं, तर दिवसाला 25 ग्रॅम. एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरली पाहिजे. लोणचं, पापड, खारी, पाव, फरसाण हे बाहेरून येतं, त्यातलं मीठ वेगळं. म्हणजे खरं तर पिशवी त्याहून जास्त दिवस टिकायला हवी. आमच्या घरची पिशवी पूर्वी बावीस दिवसांत संपत होती. बहुतेक घरांत ज्वारीच्या भाकरीत मीठ घालत नाहीत, हा आपला मोठा फायदा आहे. कणकेत आणि भातात मात्र सवयीनं पडतं, तिथून सुरुवात करावी. पहिले दोन-तीन आठवडे जेवण अळणी लागतं, पुढे जीभ सरावते. घरातल्या पोरांनी सुरुवातीला कुरकुर केली. आता बाहेर कुठं जेवलं की तेच खारट म्हणतात.

मातोश्रींची सूज उतरली, ती एकट्या कारल्यामुळं असं आम्ही म्हणणार नाही, डॉक्टरांनी गोळीही बदलली होती. पण आता सकाळी त्या अंगणात स्वतः भाजी निवडायला बसतात आणि कारल्याच्या बिया काढताना सौ.ला बजावतात, "उकळून घे गं, मीठ चोळू नको."

चमच्याबद्दल एक शेवटची अडचण. 'एक चमचा' म्हणजे किती, हे दर घरी वेगळं असतं. पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, डब्यातला लाकडी चमचा, कुणी शिगेचा भरतं, कुणी सपाट. बारीक मिठाचा सपाट लहान चमचा पाच-सहा ग्रॅमचा, पण आमच्या डब्यातला चमचा मोजला तेव्हा नऊ ग्रॅमचा निघाला. आमच्या गट ऑफिसात खताचे व मातीचे नमुने तोलायचा लहान काटा आहे. दर बुधवारी आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते बारा आम्ही तिथं असतो. ऊसनोंदीच्या कामाला येताना आपल्या मिठाच्या डब्यातला चमचा आणि पुडीत थोडं घरचं मीठ घेऊन यावं. काट्यावर कोरा कागद ठेवून, चमचा सपाट भरून, वजन चिठ्ठीवर लिहून देऊ.